तण उपटून झालं, आता तिथं काय लावणार?

मी अर्जुनी मोरगावहून बोलतोय. ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये रेंजच नाही, त्यांच्यासाठी आजच्या गप्पांचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... अं..." तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. आपले बरेच श्रोते नागपूर-पुण्याला कामाला आहेत आणि घर गावात. दिवाळीला यायचं तर घरामागची सांदवाडी कंबरेएवढ्या तणानं भरलेली. मग मेसेज येतो, "दादा, कोणतं औषध मारू?"

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तणनाशकाला आपण "औषध" म्हणतो, पण ते विष आहे. पॅराक्वाटसारखं तणनाशक पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, डॉक्टरांकडेसुद्धा नाही. ग्लायफोसेटबद्दल केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये आदेश काढला, की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच वापरायचं. म्हणजे मित्राचा पंप आणून सांदवाडीत मारायची ही वस्तूच नाही. माझं स्वतःचं सांगायचं तर आमच्या सांदवाडीत विहीर आहे, मागच्या दारापासून दहा पावलांवर. तिचं पाणी आई पिते, कोंबड्या त्याच मातीत चोच मारतात. तिथं मी काही फवारणार नाही, विषय संपला.

पण नुसतं "फवारू नका" म्हणून तण जात नाही. ते कसं जातं, हे समजून घ्यायला आपल्याच तालुक्यातल्या तलावांकडे बघू.

तलावातली बेशरम

पूर्व विदर्भातले हजारो तलाव आपल्या जुन्या लोकांनी बांधलेत. कोहळी समाजाचं नाव त्यात पहिलं येतं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. पुढे 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि "माजी मालगुजारी" म्हणजे मामा तलाव झाले. मालक बदलला, देखभाल सैल झाली. गाळ साचला आणि काठावर बेशरम पसरली.

बेशरम तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं. मूळची दक्षिण अमेरिकेतली. नाव अगदी बरोबर पडलंय: तोडा, फेका, कांडी चिखलात पडली की पुन्हा मूळ धरते. शेळ्यांनी जास्त खाल्ली तर विषबाधा होते, म्हणून चरूनही ती संपत नाही.

या तलावांवर ढिवर समाजाच्या घरांचं पोट आहे. काठ बेशरमीनं भरला, पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या, तसे देशी मासेही कमी झाले. 2009 च्या सुमारास अर्जुनी परिसरात पतिराम तुमसरे आणि त्यांच्या सोबतच्या मासेमारांनी, मनीष राजनकर यांच्या 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'सोबत, तलाव पुन्हा जिवंत करायचं काम हाती घेतलं. पुढे निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर बायांनी ते गावोगाव नेलं.

त्यांच्या कामाचा क्रम नीट बघा, कारण आजचा सगळा भाग त्यावरच उभा आहे. आधी बेशरम हातानं काढली. उन्हाळ्यात तलाव आटला की कोरड्या भागातली माती नांगरून मोकळी केली. आणि पाऊस पडून पाणी भरू लागलं, तशा दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती तिथं लावल्या. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशा. माशांना त्यात खायला मिळतं, अंडी घालायला आणि लपायला जागा मिळते.

लोक पहिली पायरी करतात आणि थांबतात. उपटलं, फोटो काढला, घरी गेले. पण रिकामी माती रिकामी राहत नाही हो. तुम्ही काही लावलं नाही, तर ती स्वतःच काहीतरी लावते, आणि सगळ्यात आधी पोहोचतं ते तणच. म्हणून काढणं, माती तयार करणं आणि जागा भरणं, या तिन्ही गोष्टी मिळून एक काम होतं.

आता सांदवाडीत या

पहिलं काम म्हणजे जीव सांभाळा. पडीक बाडीत साप, विंचू असतातच. पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात लांब काठी. आधी काठीनं आपटत जा, मग विळा घाला. झुडपात आंधळेपणानं हात घालू नका. आणि साप चावलाच तर झाडफूक नाही, थेट दवाखाना.

दुसरं, सगळी बाडी एका दिवसात साफ करायला जाऊ नका. दहा बाय दहा फुटांचे तुकडे पाडा. आमच्याकडे दोघं मिळून एका सकाळी एक तुकडा नीट होतो. जेवढं भरू शकाल तेवढंच उघडं करा.

तिसरं, तण ओळखा. प्रत्येकाचा जीव वेगळ्या ठिकाणी असतो.

गाजर गवत. याचा जीव बियात. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज देशभर आहे. एक झाड हजारो बिया टाकतं, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. म्हणून पांढरी फुलं दिसायच्या आधी, पावसानं माती ओली असताना मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर बुडातून फुटतं. यानं अंगाला खाज सुटते, काहींना दम्यासारखा त्रास होतो, तेव्हा हातमोजे आणि तोंडाला दुपट्टा हवाच. फुलं न आलेलं गवत खताच्या खड्ड्यात चालतं. फुलं आलेलं खड्ड्यात टाकलं, तर पुढच्या वर्षी खतासोबत बीही पसरवाल.

आणि त्याची जागा भरायला आपल्याकडे फुकटचा माणूस आहे: तरोटा! हो, तोच, ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपण पहिल्या पावसात खातो. दिवाळीच्या आसपास तरोट्याच्या वाळलेल्या शेंगा गोळा करून ठेवा, पावसाळ्याआधी बी फेका. तो दाट उगवतो आणि गाजर गवताला वर येऊ देत नाही. जबलपूरचं तण संशोधन संचालनालयही हाच उपाय सांगतं. शिवाय झायगोग्रामा नावाचा एक मेक्सिकन भुंगेरा आहे, तो गाजर गवताची पानं खातो. 1984 मध्ये तो भारतात सोडला गेला. पावसाळ्यात गाजर गवतावर पिवळट पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा असलेला किडा दिसला, तर त्याला मारू नका. तो तुमच्याच बाजूचा आहे.

लव्हाळा. म्हणजे नागरमोथा. याचा जीव जमिनीखालच्या गाठीत, आणि त्या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या. वरचं पान ओढलं की ते हातात येतं आणि गाठ खाली हसत बसते. पण तिच्या दोन कमजोर बाजू आहेत: ऊन आणि सावली. गाठ वाळली की मरते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात टिकासानं वीतभर खोल खणा, ढेकळं उलटी करून उन्हात पडू द्या, आठ-दहा दिवसांनी पुन्हा उलटा. आपल्याकडचा मे महिना, पारा बेचाळीसच्या वर, त्याचा काहीतरी फायदा करून घ्या ना! पाऊस आला की तिथं दाट सावली करणारं पीक घ्या, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही.

हरळी. ही वरूनही पळते, खालूनही पळते. प्रत्येक पेराला मूळ. म्हणून इथं एक गोष्ट करायची नाही: रोटाव्हेटर फिरवायचा नाही. एका हरळीचे शंभर तुकडे होतात आणि शंभर हरळ्या उगवतात. लव्हाळ्याच्या गाठीही तशाच पसरतात. टिकासानं ढेकूळ सैल करा, दोरी ओढावी तशी हरळी अख्खी ओढून काढा आणि उन्हात दगडावर वाळवा. मातीवर टाकली तर पुन्हा रुजेल.

बेशरम. पावसाळ्याआधी, माती कोरडी असताना सब्बलनं बुंध्यासकट उकरा. कांड्या जमिनीला टेकू न देता पूर्ण वाळवा, मगच विल्हेवाट लावा. नाल्यात किंवा बोडीत फेकलीत, तर तुमची बेशरम तुम्ही खालच्या शेतकऱ्याला पाठवली, बस.

प्लॅस्टिक, पुठ्ठा आणि तणस

जिथं लहान तण आणि बियांचा साठा जास्त आहे, तिथं उन्हाची भट्टी करता येते. एप्रिलमध्ये जमीन साफ करून पाणी द्या, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून पसरा, चारही कडा मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. प्लॅस्टिक पारदर्शकच हवं. ऊन त्यातून आत जातं आणि ओली माती तापते. वरच्या थरातलं बरंचसं बी त्यात मरतं. खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र यानं पूर्ण मरत नाहीत, तिथं खणणंच खरं.

दुसरा उपाय पुठ्ठ्याचा. ऑनलाइन सामानाचे खोके घरात पडलेच असतात. चिकटपट्टी काढा, एकावर एक चढवून अंथरा, ओले करा आणि वर चार-पाच बोटं जाडीची धानाची तणस. उजेड बंद, तण बंद. पण लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, ते पुठ्ठा फोडून वर येतं. ते दिसेल तसं काढा. आणि पुठ्ठा-तणस घराच्या भिंतीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा, नाहीतर उधई थेट चौकटीत जाईल.

आता रील्सवाले उपाय. मीठ टाका, डिझेल टाका, आग लावा. मीठ टाकलं तर तण जाईल, पण त्यानंतर तिथं वांगंही येणार नाही. डिझेल मातीतून विहिरीत जातं. आणि तणसाचे ढीग असलेल्या गावात आग लावायची म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्याशी खेळ. "केमिकल नाही" म्हणजे "नुकसान नाही", असं समजू नका.

जागा कशानं भरायची?

पाऊस पडला की मोकळ्या तुकड्यात ताग किंवा धैंचा दाट पेरा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत डोक्याला लागतो. फुलावर आला की कापून तिथंच पसरवा. तण दबतं, मातीला नत्र मिळतं. ज्यांना खायलाही हवं त्यांनी चवळी लावा, भोपळ्याचा वेल जमिनीवरच सोडा. त्याच्या पानांखाली उजेडच पोहोचत नाही. कडेला पपई, शेवगा, कढीपत्ता. रोज कोणाचा तरी हात लागेल असं काहीतरी लावा, कारण ज्या बाडीत भाजी तोडायला जातो तिथं तण आपोआप लवकर दिसतं.

गावाबाहेर राहणाऱ्यांसाठी हिशेब सांगतो. तुम्हाला वर्षातून तीनदा यायचंय. मे महिन्यात खणायला, जुलैमध्ये फुलाआधी गाजर गवत उपटून ताग पेरायला, आणि दिवाळीत उरलंसुरलं निंदण करून तरोट्याचं बी गोळा करायला. पहिल्या वर्षी तण निम्मंही कमी झाल्यासारखं वाटणार नाही. मातीतलं जुनं बी उगवत राहतं, त्याला आपण काही करू शकत नाही. नवीन बी पडू दिलं नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फरक दिसतो.

तलावांवर काम करणाऱ्या बायांनीही एका पावसाळ्यात सगळं केलं नाही. उन्हाळा आला की नांगरणी, पाऊस आला की लावणी, असं वर्षामागून वर्ष. आपली सांदवाडी तर त्या मानानं रुमालाएवढी आहे.

तर या मे महिन्यात एकच तुकडा घ्या, दहा बाय दहाचा. खणायच्या आधीच ठरवा, तिथं काय लावायचं ते, आणि बी आणून ठेवा. तुमच्याकडे कोणतं तण जास्त छळतं आणि त्याला तुमच्या गावात काय म्हणतात, हे व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात त्यातलीच नावं घेऊन बोलू. तोवर विहीर सांभाळा, पायात बूट घाला. भेटूया!