तुटवडा कारखान्यात बनत नाही

बेल्जियमचे चित्रकार पेयो यांचे निळे स्मर्फ १९५८ मध्ये ‘स्पिरू’ साप्ताहिकातल्या एका चित्रकथेत प्रथम अवतरले. १९६५ पासून जर्मनीच्या श्लाइश कंपनीने त्यांच्या बोटभर उंचीच्या पीव्हीसीच्या मूर्ती काढल्या. त्या खेळण्यासाठीच होत्या. पोरांनी त्या चावल्या, हरवल्या, शेवटी कचऱ्यात गेल्या. म्हणूनच रंग शाबूत असलेला जुना स्मर्फ आज संग्राहक शोधत फिरतात. ही दुर्मीळता कुणी ठरवून आणलेली नाही. रेझिनच्या महागड्या बॅटमॅनवर मात्र ‘मर्यादित आवृत्ती’ हा शिक्का कारखान्यातच बसतो. घेणारे खोकेसुद्धा जपून ठेवतात. मग पन्नास वर्षांनी तुटवडा येणार कुठून?

मग कारागिरीला काहीच मोल नाही का? आहे तर! हाताने रंगवलेला एखादा चेहरा खरोखर पाहत राहावा असा असतो. पण कारागिरीसाठी पैसे मोजणे वेगळे आणि गुंतवणूक म्हणून मोजणे वेगळे. शिवाय (हे विक्रेते सहसा सांगत नाहीत) पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येऊन मूर्ती चिकट होऊ शकते, उन्हात रंगही विटतो. तेव्हा आवडते पात्र जरूर घ्या, उन्हापासून दूर ठेवा. नफ्याचा हिशेब मात्र मांडू नका.