मधल्या वाद्याचा वर्तमानकाळ

वाद्य एकच, तेही व्हायोला. रचनाकारही एकच, तोही हयात. अशी मैफल जाहीर झाली की पाश्चात्त्य अभिजात संगीत नेमानं ऐकणारेसुद्धा जरा बिचकतात. व्हायोलिनच्या मैफलीला बेथोवेन आणि ब्राम्सचा आधार असतो, चेलोच्या मैफलीला बाखचा. व्हायोलाच्या मैफलीत नवं काहीतरी ऐकायला लागणार आणि ते कानाला जाचणार, असं आधीच गृहीत धरलं जातं. या समजुतीत एक मोठी गफलत आहे. इतर वाद्यांसाठी समकालीन रचना ही जुन्या भांडारात पडलेली भर असते. व्हायोलाचं एकल भांडार मात्र मुख्यतः गेल्या शंभर वर्षांत भरलं, आणि ते त्या त्या वेळी हयात असलेल्या रचनाकारांनीच भरलं. गार्थ नॉक्स आणि यॉर्ग विडमान हे आजचे रचनाकार त्याच परंपरेत काम करत आहेत. त्यांच्या रचनांत जे नाद विचित्र वाटतात, त्यांचं मूळ बरंचसं या वाद्याच्या घडणीतच सापडतं.

व्हायोलिन आणि व्हायोला दिसायला सारखे, पण व्हायोलाच्या चारही तारा एका पंचमानं खाली लावलेल्या असतात. चेलोच्या तारांचेच ते स्वर, फक्त एक सप्तक वर. स्वर इतका खाली न्यायचा तर वाद्याची पेटीही त्या प्रमाणात मोठी हवी. व्हायोलिनची पेटी सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटर लांब असते; त्या हिशेबानं व्हायोलाची ५३ सेंटिमीटरच्या आसपास असायला हवी. एवढं वाद्य खांद्यावर धरून वाजवणं माणसाच्या हाताला झेपणारं नाही. म्हणून व्हायोला साधारण ३९ ते ४३ सेंटिमीटरच्या दरम्यान थांबतो, आणि त्यातही व्हायोलिनसारखं ठरलेलं माप नाही. स्वर मोठ्या वाद्याचा आणि पेटी लहान, अशी ही तडजोड आहे. खालच्या तारांना पेटीची पुरेशी साथ मिळत नाही. आवाज किंचित घोगरा, आत वळलेला होतो. तारा जाड असल्यामुळे गज टेकवल्यावर स्वर उमटायलाही क्षणभर जास्त लागतो. व्हायोलिनशी तुलना केली की हे सगळं उणं वाटतं, आणि वाद्यवृंदांत व्हायोलावादकांवर होणारे असंख्य विनोद याच तुलनेतून जन्मले आहेत. व्हायोलाचा आवाज त्याच्या जागी ऐकला, तर हेच गुण त्याची ओळख ठरतात.

बाख व्हायोला आवडीनं वाजवायचा; मोझार्टही वाजवायचा. ड्वोर्झाकनं तर तरुणपणी प्रागमधल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवून पोट भरलं. तरी एकल वाद्य म्हणून त्याच्यासाठी फार थोडं लिहिलं गेलं. मोझार्टनं १७७९ मध्ये व्हायोलिन आणि व्हायोला यांना बरोबरीनं बसवणारी एक थोर रचना केली, पण ती वाट पुढे मळली नाही. १८३४ मध्ये बर्लिओझनं पागानीनीच्या मागणीवरून ‘हॅरल्ड इन इटली’ लिहायला घेतलं, तेव्हा आपल्याला पुरेसं वाजवायला नाही म्हणून पागानीनीनं त्यातून अंग काढून घेतलं. चार वर्षांनी ती रचना ऐकल्यावर त्यानंच बर्लिओझला वीस हजार फ्रँक पाठवले. चित्र खऱ्या अर्थानं पालटलं ते विसाव्या शतकात, आणि त्यामागे लायनेल टर्टिस आणि विल्यम प्रिमरोज यांच्यासारख्या वादकांचा हट्ट होता. १९२९ मध्ये विल्यम वॉल्टननं टर्टिससाठी कन्चेर्तो लिहिला. टर्टिसला तो फारच आधुनिक वाटला, त्यानं नकार दिला. लंडनमध्ये तो पहिल्यांदा वाजवला पाउल हिंडेमिटनं, जो स्वतः व्हायोलावादक आणि तेव्हाचा आघाडीचा रचनाकार होता. पुढे टर्टिसनं आपली चूक कबूल केली आणि तीच रचना वाजवली. प्रिमरोजनं बार्टोकला कन्चेर्तो लिहायला सांगितलं. १९४५ मध्ये बार्टोक वारला तेव्हा हस्तलिखित अपुरंच होतं आणि ते टिबोर सेर्लीनं पुरं केलं. शोस्ताकोविचची १९७५ मधली शेवटची रचना हा व्हायोलाचाच सोनाटा आहे. आज व्हायोलाचा विद्यार्थी ज्यांना अभिजात म्हणून शिकतो, त्यांतल्या बहुतेक रचना पहिल्यांदा ऐकल्या गेल्या तेव्हा त्यांचे कर्ते हयात होते, निदान नुकतेच गेलेले होते.

गार्थ नॉक्स या परंपरेत वादकाच्या बाजूनं आले. डब्लिनमध्ये जन्म, बालपण स्कॉटलंडमध्ये. पिएर बूलेझ यांच्या पॅरिसमधल्या आधुनिक वाद्यमेळात त्यांनी वाजवलं आणि १९९० च्या दशकात ते आर्दित्ती चौकडीचे व्हायोलावादक होते. रचनाकार श्टॉकहाउझेनच्या ज्या रचनेत चार वादक चार वेगळ्या हेलिकॉप्टरांत बसून वाजवतात, तिच्या १९९५ मधल्या ॲमस्टरडॅमच्या पहिल्या प्रयोगात व्हायोला त्यांच्याच हातात होता. दुसऱ्यांच्या अवघड संहिता वर्षानुवर्षं वाजवल्यानंतर त्यांनी ‘व्हायोला स्पेसेस’ हा आठ रचनांचा संच लिहिला. प्रत्येक रचना एका तंत्राभोवती फिरते. एकीत गज घोडीच्या अगदी लगत फिरतो, दुसरीत पट्टीवर चढून नुसता श्वासासारखा आवाज काढतो. एक रचना डाव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायची, तर एकीत वाद्य पेलणारा डावा अंगठा सोडून उरलेल्या नऊ बोटांनी तारा छेडायच्या. एक आहे पाव स्वरांवर, एक तारेला हलका स्पर्श करून निघणाऱ्या उपस्वरांवर. आणखी एकीत गज आडवा फिरतो तसा तारेच्या लांबीला धरून वर-खाली आणि गोल गोलही फिरतो. यादी वाचताना हे कसरतींचं पुस्तक वाटेल. मैफलीत ऐकताना मात्र प्रत्येक तंत्र एखाद्या स्वभावासारखं उलगडत जातं, कारण नॉक्स त्या तंत्राला लय, बांधणी आणि शेवट देतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे संगीत नव्हे, आवाज आहेत, घोडीलगतची खरखर कशासाठी ऐकायची? मराठी श्रोत्याला याचं उत्तर बाहेर शोधावं लागत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतो, ती तारेच्या कंपनात मुद्दाम खळबळ आणण्यासाठीच. त्या झंकारातून एकाच षड्जाच्या पोटातले उपस्वर बाहेर पडतात आणि न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. गज घोडीजवळ गेल्यावर व्हायोलातही हेच घडतं: मूळ स्वर मागे हटतो, वरचे उपस्वर पुढे येतात, आणि जाड, खालच्या तारेत ते फार मोठ्या संख्येनं ऐकू येतात. रचनाकार लिगेतीनं १९९० च्या दशकात व्हायोलावादक टाबेआ झिमरमान हिच्यासाठी लिहिलेल्या सोनाटाचा पहिला भाग संपूर्णपणे सर्वांत खालच्या तारेवर वाजतो, आणि त्याचे स्वर एका काल्पनिक खर्ज तारेच्या उपस्वरांवरून घेतले आहेत. त्यातला पाचवा उपस्वर, म्हणजे आपला स्वयंभू गंधार, पियानोच्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या शंभरांश मापानं चौदा भागांनी खाली असतो. सातवा एकतीस भागांनी आणि अकरावा जवळजवळ पाव स्वरानं. पियानोवर वाढलेल्या कानाला हे बेसूर वाटेल. श्रुतिभेदांवर वाढलेल्या कानाला ते ओळखीचं वाटायला हवं. नॉक्स व्हायोला द’आमोरेही वाजवतात. त्या जुन्या वाद्यात वाजवायच्या तारांखाली सारंगीसारख्या तरफा असतात. नवं शोधणारा माणूस जुन्याकडे वळतो, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे शोध एकाच गोष्टीचा आहे, तारेच्या आत काय दडलंय याचा.

दुसरा आक्षेप नाट्याबद्दल आहे, आणि तो विडमान यांच्या कन्चेर्तोला जास्त लागू पडतो. म्युनिकमध्ये १९७३ साली जन्मलेले विडमान स्वतः क्लॅरिनेटवादक आहेत. त्यांचा हा कन्चेर्तो आंत्वान तामेस्ती यांनी २०१५ मध्ये पॅरिसच्या फिलार्मोनीत पहिल्यांदा वाजवला. एकल वादक एका जागी उभा राहत नाही. वाद्यवृंदातून फिरत वेगवेगळ्या वाद्यांशी झटापट करतो, एका ठिकाणी ओरडतोही. सुरुवातीला त्याच्या हातात गज नसतो: तो बोटांनी वाद्याच्या लाकडावर ठेका धरतो, मग तारा छेडतो, आणि गज येतो बऱ्याच वेळानं. तामेस्ती ज्या वाद्यावर वाजवतात ते स्ट्राडिवारीनं १६७२ मध्ये घडवलेलं आहे, म्हणून त्यावर बोटं आपटणं कुणाला दिखाऊ वाटेल. पण गज येईपर्यंतच्या काळात काय झालेलं असतं ते पाहा. श्रोत्यानं वाद्याचं लाकूड ऐकलेलं असतं, पेटीची पोकळी ऐकलेली असते, तार तुटकपणे बोलताना ऐकलेली असते. त्यामुळे सलग स्वर अखेर लागतो तेव्हा तो मिळवलेला वाटतो. शिवाय वाद्यवृंदाच्या मधोमध, कुणाला ऐकू न जाणाऱ्या आतल्या ओळी वाजवत बसणारं हे वाद्य. त्याला मंचभर फिरवणं हे त्याच्या इतिहासावरचंच भाष्य आहे. नाट्य इथे उपरं नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उसनं भांडार असताना नव्याची गरज काय? बाखच्या चेलोसाठीच्या रचना व्हायोलावर सहज येतात, शुबर्टचा आर्पेजोनी सोनाटा येतो, क्लॅरिनेटचे दोन सोनाटे तर ब्राम्सनं स्वतःच व्हायोलासाठी बसवले. शिवाय जुन्या रचना काळाच्या चाळणीतून आलेल्या आहेत, नव्यांची परीक्षा व्हायचीय. यातली पहिली गोष्ट मान्य आहे: उसनं संगीत व्हायोलाला गाता येतं हे सिद्ध करतं. पण चेलोसाठी किंवा क्लॅरिनेटसाठी सुचलेली कल्पना व्हायोलाच्या लहान पेटीतून, त्याच्या उशिरा बोलणाऱ्या खर्जातून जन्मलेली नसते. त्या गुणांवर उभी राहणारी रचना त्याच्यासाठीच लिहावी लागते. चाळणीचं म्हणाल, तर तिच्यात आधी काही ओतावं लागतं. पागानीनीनं एक रचना नाकारली, टर्टिसनं दुसरी, आणि त्या दोन्ही आज या वाद्याच्या भांडाराचे खांब आहेत. सर्वांत जाणत्या दोन वादकांचा पहिला कौल चुकला. त्या रचना टिकल्या, कारण तेव्हा कुणीतरी त्या वाजवल्या आणि लोकांनी ऐकल्या. नव्या सगळ्याच रचना टिकतील असं कुणी म्हणणार नाही. पण कोणती टिकेल हे ठरवण्याच्या कामात त्या मैफलीतला श्रोता सामील असतो, आणि चाळणीचा दाखला देऊन घरी बसणारा ते काम दुसऱ्यावर टाकतो.

राहता राहिला प्रश्न रचनाकार हयात असण्याचा. जिवंत असणं ही सांगीतिक गुणवत्ता नाही, हे खरंच. मात्र ख्यालाच्या मैफलीत आपण नेमकं काय ऐकायला जातो? बंदिश जुनी असेल, पण तिची बढत समोर बसलेला कलावंत त्याच क्षणी घडवत असतो. तिथे निर्माता हयात असणं हा अपवाद नसून नियम आहे. तो अपवाद झाला तो एकोणिसाव्या शतकानंतरच्या युरोपीय सभागृहांत. नॉक्स यांच्यासारखा वादक-रचनाकार स्वतःचं संगीत वाजवतो तेव्हा तो आपल्या सवयीच्या जवळ येतो. त्यात एक धोकाही आहे: रचना एकाच्या हातांपुरती उरण्याचा. ‘व्हायोला स्पेसेस’नं तो टाळला, कारण तो संच इतरांनी शिकावा आणि वाजवावा म्हणूनच छापून आला. आपल्याकडे व्हायोला अनोळखी नाही. मुंबईच्या चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांनी तो वाजवला आणि गाण्यांच्या आतल्या ओळी सांभाळल्या. २००६ पासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही आहे. वाद्य आहे आणि श्रुतींवर तयार झालेले कानही आहेत. आयोजकांनी व्हायोलाची अशी एक मैफल ठेवताना पत्रिकेत बाख घालून ती सुरक्षित करू नये. हयात रचनाकाराचंच संगीत पूर्ण वेळ ऐकवावं, कारण या वाद्याचं स्वतःचं असं जे आहे, ते त्यातच आहे.