पंचेचाळीस मिनिटांवरून तीन मिनिटांवर

नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ‘दिवसातून दोन-तीन मिनिटं श्वासाकडे लक्ष द्या’ असा सल्ला आता सर्रास मिळतो. तो इतका साधा वाटतो, की त्यामागे साडेचार दशकांची खटपट आहे हे जाणवत नाही. या काळात ध्यानाचा सराव आखूड होत गेला. वेळेची टंचाई हे त्याचं एक कारण असेलही. पण खरी गोष्ट अशी, की तो रुग्णाच्या मापाने पुन्हा पुन्हा बेतला गेला.

सुरुवात ऐसपैस होती. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ध्यानाचा वर्ग सुरू केला. जुनाट दुखण्यावर औषधोपचार थकले, असे रुग्ण डॉक्टर तिकडे पाठवत. पहिल्या दिवशी तळहातावर एक मनुका ठेवायचा: तो बघायचा, बोटांत फिरवायचा, हुंगायचा आणि मग सावकाश चावायचा. घरी मात्र रोज पंचेचाळीस मिनिटांचा सराव. दुखणं असलं तरी मन सावरलेल्या माणसाला हे जमून जाई.

मनच सैरभैर असेल तर? सिअ‍ॅटलमध्ये मार्शा लिनेहन यांच्याकडे वारंवार आत्महत्येच्या टोकापर्यंत जाणारे रुग्ण येत. त्यांना डोळे मिटून तासभर बसवणं व्यवहार्य नव्हतं. म्हणून लिनेहन यांनी ध्यानाची छोटी छोटी कौशल्यं केली: निरीक्षण करा, जे दिसलं ते शब्दांत सांगा, चांगलं-वाईट ठरवू नका, एका वेळी एकच काम करा. भांडी घासताना फक्त भांडी घासली तरी सराव झाला. १९९३ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने आली.

तीन मिनिटांचा सराव आला तो झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीस्डेल यांच्याकडून. नैराश्यातून बरी झालेली माणसं पुन्हा का घसरतात, हा त्यांचा प्रश्न. घसरण सुरू होते ती भलत्याच वेळी: कामात, बसमध्ये, भांडण झाल्यावर. तिथे चटई कुठून अंथरणार? म्हणून तीन पायऱ्या. आधी ‘आत्ता मनात काय चाललंय, अंगात कसं वाटतंय’ हे बघून घ्यायचं. मग लक्ष फक्त श्वासावर आणायचं. शेवटी ते सगळ्या शरीरावर पसरू द्यायचं. घरचा लांब सराव त्यांनी काढून टाकला नाही. हा त्याचा खिशात मावणारा जोडीदार होता.

२००० साली त्यांचा १४५ जणांवरचा अभ्यास आला. तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांत, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ६६ टक्के पुन्हा आजारी पडले. या तिघांचा आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनदाच आजारी पडलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. उपाय सरसकट नाही, हे तिथेच स्पष्ट झालं.

इंग्लंडमध्ये पॉल चॅडविक यांनी तर इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांचे गट घेतले. ध्यान दहा मिनिटांच्या आत, डोळे उघडे ठेवायची मुभा, आणि शिक्षक दर अर्ध्या-एक मिनिटाला बोलणार. कारण लांबलेल्या शांततेत माणूस आवाजांच्या तावडीत सापडू शकतो. आवाज आला तर ‘आला’ एवढी नोंद घ्यायची; त्याच्याशी झगडायचं नाही की त्याच्या मागे जायचं नाही.

पुढे गाजावाजा वाढला. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ४२४ रुग्णांचा अभ्यास आला: दोन वर्षांत वर्ग करणाऱ्यांपैकी ४४ टक्के आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के पुन्हा आजारी पडले. म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण वर्ग करणाऱ्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केल्या होत्या, हा तपशील सोडून दिला की ‘ध्यान करा, गोळ्या बंद’ असा भलताच अर्थ निघतो. २०१७ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी ध्यानातून उद्भवलेल्या त्रासांची नोंद मांडली: भीती, झोप उडणं, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं.

आपल्याकडे ही सावधगिरी नवी नाही. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराची नियमावलीच गंभीर मानसिक आजार असलेल्यांना सावध करते. त्यांची नीट काळजी घेणं स्वयंसेवकांना शक्य नाही, असं ती सरळ सांगते. तरीही ‘दहा दिवस जाऊन ये, डोकं शांत होईल’ असं सांगणारे काका-मामा घरोघरी आहेत.

छोट्या सरावाचा मोठा गुण म्हणजे तो थांबवता येतो. श्वासाकडे बघून घाबरायला होत असेल, तर लक्ष तळपायांवर न्यावं, डोळे उघडावेत, सोडून द्यावं. फॉलोअपला झोप, भूक, गोळ्या यांची चौकशी होतेच. तिच्यात ‘सराव करताना त्रास झाला का?’ हा एक प्रश्न आला, तर एवढ्या वर्षांत तिकडे शिकून झालेलं आपल्या ओपीडीत पोचलं, असं म्हणता येईल.