कुलवृत्तांतांतील छायाचित्रें : कागदासाठीं व पडद्यासाठीं

कुलवृत्तांत छापावयाचा म्हटला म्हणजे वंशावळीची जुळणी, शाखांचे मतभेद आणि वर्गणी यांतच मंडळींची शक्ति खर्च होते. छायाचित्रांचा विचार अगदीं शेवटीं सुरू होतो. मग पणजोबांचें एकुलतें एक छायाचित्र कोणी तरी व्हॉट्सअॅपवरून धाडतो, आणि ग्रंथांत तें डाग पडल्यासारखें उमटतें. बोल मुद्रकाला लागतो. पण पुष्कळदां दोष फाइलीचा असतो.

आपल्या परिचयाचा जेपेग हा प्रकार १९९२ सालीं प्रमाणित झाला. तो चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडतो, आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारा सूक्ष्म तपशील त्यांतून टाकून देतो. फाइल लहान होते, पडद्यावर चित्र उत्तम दिसतें. परंतु टाकलेलें परत येत नाहीं. आणि चित्रांत फेरफार करून तें पुनःपुन्हां जेपेगमध्येंच सांठविलें, तर दर वेळीं आणखी कांहीं गळतें. (नुसतें उघडून पाहिल्यानें मात्र कांहीं बिघडत नाहीं, ही भीति उगीच बाळगूं नये.) व्हॉट्सअॅप तर चित्र धाडतांना तें सहसा आणखी आंखूड करतें. तेंच दस्तऐवज म्हणून पाठविलें, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोंचते.

म्हणून जुन्या छायाचित्राची मूळ प्रत टिफ या प्रकारांत, तपशील न गाळतां, सांठवावी. तिला जागा फार लागते : ६ गुणिले ४ इंचांचें रंगीत चित्र इंचास ६०० बिंदू या मापानें उतरविलें, तर सुमारें २६ मेगाबाइट. हा खर्च करावाच. जेपेगची मागाहून टिफ करणें व्यर्थ होय. गेलेला तपशील नांव बदलल्यानें उगवत नाहीं.

बिंदूंचा हिशेबहि घरींच करावा. छपाईस इंचागणिक ३०० बिंदू हें सर्वमान्य माप आहे. दीड इंच रुंदीचें चित्र ३०० नें उतरविलें तर रुंदींत ४५० बिंदूच मिळतात. तें पानावर ५ इंच रुंद छापल्यास इंचास ९० उरतात. १२०० नें उतरविलें असतें तर ३६० मिळाले असते.

वंशावळीचा तक्ता मात्र जेपेगमध्यें कधींच देऊं नये. अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके उठतात. पडद्यासाठीं १९९६ सालचा पीएनजी प्रकार चांगला, कारण त्यांत रेघ स्वच्छ राहते. छपाईसाठीं तक्ता ज्या संगणकावर मांडला तेथूनच थेट पीडीएफ काढावी, म्हणजे अक्षरें केवढींहि मोठीं केलीं तरी फाटत नाहींत. पीएनजींत छपाईच्या चार शायांची सोयच नाहीं. पडदा तांबड्या, हिरव्या, निळ्या प्रकाशानें रंगतो, कागद शाईनें. शालूचा झगझगीत रंग छापल्यावर मंदावतो तो यामुळेंच. हें रूपांतर मुद्रकाच्या हातीं सोंपवावें आणि नमुन्याचें एक पान आधीं मागून घ्यावें.

मूळ छायाचित्र छापखान्यांत धाडूं नये. कोंकणांतल्या दमट हवेंत व कसरीच्या तडाख्यांतून जें वांचलें, तें टपालांत हरवावयाचें नाहीं. टिफच्या प्रती दोन-तीन शाखांच्या घरीं वेगवेगळ्या ठेवाव्या, आणि छायाचित्राची मागची बाजूहि उतरवून घ्यावी. नांवें बहुधा तेथेंच पेन्सिलीनें लिहिलेलीं असतात.