अणूची पणती आणि कचेरीतल्या गजाली

चीनमधील बेटाव्होल्ट या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये एका चिमुकल्या अणुबॅटरीची घोषणा केली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी मोठ्या हौसेने छापली. दीड सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड अशी ही वडी. तिच्या पोटात निकेल-६३ या किरणोत्सारी धातूचे पातळ पापुद्रे बसविलेले असून ती पन्नास वर्षे एकदाही न भरता वीज देत राहील, असा निर्मात्यांचा दावा आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठ आणि तेथील अणुऊर्जा प्राधिकरण यांनी कार्बन-१४ कृत्रिम हिऱ्यात कोंडून केलेली बॅटरी जाहीर केली. कार्बन-१४ चे तेज निम्म्यावर येण्यास सुमारे ५,७०० वर्षे लागतात. या बातम्या वाचून मोबाइल आता जन्मात पुन्हा भरावा लागणार नाही, अशी आशा अनेकांना वाटली असेल, आणि ‘अणु’ हा शब्द वाचताच काहींच्या छातीत धस्सही झाले असेल.

वस्तुतः ही आशा आणि ही भीती दोन्ही अनाठायी आहेत. या बॅटरीत अणूचे विभाजन होत नाही की अणुभट्टीतली साखळी-प्रक्रिया चालत नाही. निकेल-६३ चे अणू आपल्या गतीने क्षय पावत असतात आणि क्षय पावताना एकेक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात. शेजारी बसविलेल्या अर्धवाहकाच्या थरावर तो आदळला की तेथे वीज उत्पन्न होते. छपरावरील सौर तबकडीत जे काम सूर्यकिरण करतो, तेच येथे हा इलेक्ट्रॉन करतो. तो इतका दुबळा असतो की आपल्या त्वचेवरचा मृत थरसुद्धा त्याला ओलांडवत नाही. (धातू पोटात गेला तर गोष्ट वेगळी, म्हणून तो घट्ट बंद ठेवावा लागतो.) आता आशेचे पाहू. बेटाव्होल्टच्या वडीची शक्ती शंभर मायक्रोवॅट. एक वॅटचा दिवा पेटवायचा तर अशा दहा हजार वड्या जोडाव्या लागतील. पन्नास वर्षांत ती एकूण जेवढी वीज देईल, तेवढ्यात हल्लीच्या मोबाइलची बॅटरी जेमतेम दोन-तीन वेळा भरेल. ही पणती आहे, विजेचा खांब नव्हे. परंतु जेथे तेल घालावयास कोणी जाऊ शकत नाही अशा जागी, म्हणजे हृदयाशेजारी, समुद्राच्या तळाशी वा अंतराळात, पणतीचे मोल खांबाहून अधिक असते.

ही कल्पना नवी मुळीच नाही. १९१३ साली हेन्री मोस्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने रेडियमच्या साहाय्याने अशी पहिली घटमाला करून दाखविली होती. पुढे दोनच वर्षांनी गॅलिपोलीच्या रणांगणावर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो मारला गेला. १९७० साली पॅरिसमध्ये प्लुटोनियम-२३८ वर चालणारा हृदयस्पंदक एका रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आला. असे काही स्पंदक पुढे तीस-तीस वर्षे चालले. मग लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, त्या स्वस्त होत्या आणि त्यांच्यामागे किरणोत्साराचे लचांड नव्हते, त्यामुळे अणूची पणती मागे पडली. ती आता पुन्हा पुढे येत आहे, कारण यंत्रेच इतकी लहान आणि मितभोजी झाली आहेत की त्यांना पणती पुरू लागली आहे.

या इतिहासातले एक पान मात्र वाचकांपुढे सविस्तर ठेवावे असे आम्हांस वाटते. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीचे प्रमुख डेव्हिड सारनॉफ यांनी आपल्या कंपनीच्या अणुबॅटरीचे मोठ्या थाटाने प्रदर्शन केले. स्ट्रॉन्शियम-९० आणि सिलिकॉन यांच्यापासून बनविलेल्या त्या बॅटरीच्या बळावर त्यांनी तारयंत्राची कळ दाबून संदेश पाठविला. शक्ती म्हणाल तर वॅटचा दशलक्षांश. त्यानंतर तीन महिन्यांनी, २५ एप्रिल १९५४ रोजी, बेल या दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेने आपला सिलिकॉनचा सौर घट लोकांना दाखविला व त्यावर खेळण्यातले एक पाळणाचक्र फिरविले. आतला सिलिकॉन दोन्हीकडे एकाच जातीचा होता. परंतु आज घरोघरच्या छपरांवर आहे तो बेलचा वंश. हा घट जन्माला कसा आला, तेच सांगावयाचे आहे.

बेलमधील डॅरिल चॅपिन या अभियंत्याकडे काम होते ते उष्ण व दमट प्रदेशांतील आडगावच्या दूरध्वनी यंत्रणेसाठी वीज मिळविण्याचे. साध्या सुक्या बॅटऱ्या तेथे दमटपणाने लवकर खराब होत. (कोकणच्या पावसाळ्यात ज्याने घरात विजेरी बाळगली आहे, त्याला याचा अर्थ सांगावयास नको.) चॅपिन यांनी सेलेनियमचे सौर घट घेतले, पण पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा एक भागाचीही त्यांतून वीज होईना. त्याच संस्थेत जेराल्ड पिअर्सन आणि कॅल्विन फुलर हे दुसरे दोघे भलत्याच कामात होते. रसायनतज्ज्ञ फुलर सिलिकॉनमध्ये अन्य द्रव्यांचा अंश मिसळून देत आणि पिअर्सन त्याची परीक्षा घेत. सूर्यप्रकाशाशी त्यांना कर्तव्य नव्हते. अशाच एका तुकड्यावर दिव्याचा उजेड पडला असता त्यातून अनपेक्षित जोराची वीज वाहू लागली. पिअर्सन यांनी काय केले? त्यांनी टिपण लिहून वरिष्ठांकडे धाडले नाही. ते उठले, चॅपिन यांच्या खोलीत गेले आणि सेलेनियमवर आता आणखी वेळ दवडू नका, असे त्यांना सांगून सिलिकॉनचा तुकडा त्यांच्या हाती ठेवला. पहिल्याच मोजणीत तो सेलेनियमच्या सुमारे पाचपट भरला. वर्षभराच्या खटपटीनंतर शेकडा सहाचा पल्ला गाठला गेला.

दुसऱ्या विभागातील माणूस कोणत्या अडचणीत आहे, हे पिअर्सन यांना ठाऊक होते कसे? ते दोघे जुने स्नेही होते. दोघेही ऑरेगनमधील विलामेट विद्यापीठाचे विद्यार्थी. पिअर्सन यांच्या ट्युलिपच्या शेतावरही चॅपिन यांचे जाणे झाले होते. अशा स्नेह्यांत कामाच्या जागी ज्या गोष्टी होतात, त्यांना आपण गजाली म्हणतो. हवापाणी, मुलेबाळे, बागेतली फुले आणि मधूनच ‘माझे घोडे कुठे अडले आहे पाहा’ ही कुरकुर. या संभाषणाचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही आणि वर्षअखेरच्या अहवालात त्याला जागा नसते. पण ज्याच्याशी आपण फुलांविषयी बोललो आहोत, त्याच्याच दारात जाऊन अर्धवट कल्पना सांगण्याचा धीर माणसाला होतो. परक्यापुढे आपण सिद्ध झालेलेच बोलतो. बेलच्या चालकांना हे पक्के कळले होते. मरे हिल येथील आपली प्रयोगशाळा त्यांनी मुद्दाम अशी बांधली की लांबच लांब बोळ चालून गेल्याशिवाय कोणाचे चालू नये आणि वाटेत दुसऱ्या शाखेचा माणूस भेटल्यावाचून राहू नये.

मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेतील थॉमस ॲलन यांनी याचे मोजमापच केले. १९७७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की दोन अभियंत्यांच्या बसण्याच्या जागांत पन्नास मीटरांचे अंतर पडले, की आठवड्यातून एकदाही त्यांच्यात कामाचे बोलणे होण्याचा संभव जवळजवळ संपतो. अणुविद्येत हा प्रश्न तर अधिकच टोकदार. लॉस ॲलॅमॉस येथे अणुबाँबचे काम चालू असता लष्करी अधिकारी जनरल ग्रोव्ह्ज यांचा आग्रह असा की प्रत्येकाने आपल्यापुरतेच जाणावे. संचालक ओपेनहायमर यांनी त्यांच्या नाराजीला न जुमानता शास्त्रज्ञांची साप्ताहिक चर्चासभा चालू ठेवली. तेथे जे घडविले गेले त्याचा आम्ही गौरव करीत नाही. परंतु गुप्ततेचा पुतळा असलेल्या त्या ठिकाणीसुद्धा माणसांना एकमेकांशी बोलू दिल्यावाचून गाडा हलत नव्हता, हे विसरता येत नाही. अलीकडचे उदाहरण हवे तर कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांचे घ्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात छायाप्रती काढण्याच्या यंत्रापाशी त्यांची ओळख झाली आणि त्या ओळखीतून २०२३ चे नोबेल पारितोषिक उभे राहिले.

आणि आपण काय करीत आहोत? कित्येक कचेऱ्यांच्या भिंतींवर ‘अनावश्यक संभाषण टाळा’ अशी पाटी असते. हजेरीला यंत्र, डोक्यावर कॅमेरा, चहा मेजावरच आणि शेजारच्याशी बोलायचे तेही पडद्यावर टंकून. २०२० च्या महामारीत लाखो लोक घरून काम करू लागले. त्या काळात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ६१,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या व्यवहाराची पाहणी झाली. आपापल्या गटातले संबंध टिकले, पण गटागटांना जोडणारे धागे विरळ झाले, असे तिच्यात आढळून आले. म्हणजे पिअर्सन आपल्या खोलीत होता आणि चॅपिन आपल्या, मधला बोळ तेवढा नाहीसा झाला होता. ज्या भूमीत १९६१ पर्यंत परवानगीवाचून सभा भरविणे हा अपराध होता, तेथील वाचकांना बोलण्यावरच्या पहाऱ्याचा अर्थ आम्ही वेगळा सांगावा असे नाही.

येथे कोणी विचारील की खिडकीबाहेर रांग ताटकळत असता आत चाललेल्या गप्पांनाही आपण थोर मानता काय? मुळीच नाही. दाखल्यासाठी पेडण्याहून वा काणकोणहून पदरमोड करून आलेल्या माणसाला ‘साहेब चहाला गेले आहेत’ हे उत्तर ऐकावे लागणे, याला आम्ही उद्धटपणाच म्हणतो. सहकाऱ्याच्या पाठीमागे त्याची उणीदुणी काढणे हीही गजाल नव्हे, ती कुचाळकी. पण कुचाळकी करणाऱ्याला पाटी अडवीत नाही, तो कोपरा शोधतोच. पाटीने गप्प बसतो तो सरळ मार्गाचा माणूस.

अणूच्या पणतीपुरते बोलावयाचे तर ती एका माणसाच्या विद्येने पेटणारी नाही. भट्टीत किरणोत्सारी द्रव्य तयार करणारा, अर्धवाहकाचा थर घडविणारा आणि ती पणती जेथे ठेवायची तेथील गरज जाणणारा, असे तिघे लागतात आणि ते बहुधा तीन निरनिराळ्या इमारतींत, नव्हे, तीन निरनिराळ्या खात्यांत बसलेले असतात. आपल्याकडे ही विद्या नाही असे नव्हे. २०२३ साली चंद्राकडे गेलेल्या चांद्रयान-३ च्या प्रणोदन विभागावर प्रत्येकी एक वॅटची, किरणोत्सारी द्रव्यावर चालणारी दोन उष्णता-उपकरणे होती. ती मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने घडविली होती. ती वीज देत नव्हती, केवळ ऊब देत होती, पण मार्ग तोच. आणि इकडे दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्रात सोडलेल्या यंत्राचे आयुष्य त्याच्या बॅटरीइतकेच असते, ही व्यथा समुद्रशास्त्रज्ञाइतकी कोणाला ठाऊक असणार?

दोनापावल आणि तुर्भे यांतले अंतर पन्नास मीटरांहून बरेच अधिक आहे, आणि तेथे बोळ बांधता येत नाही. परिषदा मात्र भरतात. तेथे सकाळपासून सायंकाळपर्यंत निबंधांमागून निबंध वाचले जातात, प्रश्नांना पाच मिनिटे मिळतात आणि जेवणाची वेळ उद्घाटनाच्या भाषणांनी खाऊन टाकलेली असते. यापुढे अशी परिषद गोव्यात भरेल तेव्हा आयोजकांनी निम्मी भाषणे कापून जेवणाची सुट्टी दोन तासांची करावी आणि पाहुण्यांना खात्यांप्रमाणे निरनिराळ्या मेजांवर बसवू नये, अशी आमची त्यांना सूचना आहे.