रुग्णसमाचार : सुटीतील एक सेवा

सुटी जवळ आली की विद्यार्थ्यांच्या मनास पंख फुटतात. कोणी आजोळी जातो, कोणी खेळात रमतो, कोणी राहून गेलेली पुस्तके वाचून काढतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु रोगास सुटी नसते. उलट सणाच्या दिवशी रुग्णालयातील खाट अधिकच टोचते. कारण घरी दिवे लागले असतील, पक्वान्ने झाली असतील, मुले अंगणात खेळत असतील, हे सर्व रोग्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणूनच मिशनच्या रुग्णालयांतून नाताळच्या दिवसांत खाटांजवळ जाऊन गीते गाण्याची व फळे वाटण्याची चाल पडली. घरदार व मायदेश सोडून परमुलखात आलेल्या मिशनरी मंडळींस परकेपणा म्हणजे काय हे स्वानुभवाने ठाऊक होते. या चालीचे मर्म काय, व तिचा उपयोग आपण कसा करावा, याचा येथे थोडा विचार करू.

‘इस्पितळ’ हा आपला रूढ शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत सापडते, आणि त्या मुळाचा अर्थ ‘पाहुणा’ असा आहे. म्हणजे रोगी हा त्या घराचा पाहुणा होय. वैद्य त्याच्या रोगाकडे पाहतो, परिचारिका त्याच्या देहाची काळजी घेते. पण पाहुण्याजवळ घटकाभर बसून चार शब्द बोलणारा कोणी तरी लागतोच. ही उणीव भरून काढणे हेच रुग्णसमाचाराचे काम.

आमच्या जिल्ह्यात या कार्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, १८३१ साली स्थापन झाले. प्रथम शाळा आल्या, मागाहून दवाखाने आले. राहुरीस डॉ. बॅलंटाइन यांनी खेड्यापाड्यांतील लोकांस औषधपाणी दिले. तथापि मोठी अडचण स्त्रियांची होती. त्या काळी घरंदाज स्त्री पुरुष वैद्यास नाडी दाखवावयासही कचरत असे, व कित्येक बाळंतिणी केवळ संकोचापायी प्राणास मुकत. हे जाणून डॉ. ज्युलिया बिसेल या बाईंनी नगरात स्त्रिया व मुले यांच्यासाठी वैद्यकीय कार्य आरंभिले, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यातून रुग्णालय उभे राहिले. पुढे ते साल्व्हेशन आर्मी अर्थात मुक्तिफौज या संस्थेकडे गेले. या संस्थेच्या १९३४ ते १९३९ या काळातील जनरल इव्हँजेलिन बूथ यांचे नाव त्यास मिळाले, आणि आज ते ‘बूथ हॉस्पिटल’ या नावाने सर्वांस परिचित आहे.

जिल्ह्याबाहेर पाहू गेल्यास मिरजेचे उदाहरण ठळक आहे. कॅनडातून आलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे १८९४ साली रुग्णालय उघडले. त्यांच्या शस्त्रक्रियेची कीर्ती ऐकून दूरदूरचे रोगी मिरजेस येऊ लागले. आपल्याकडे रोगी सहसा एकटा येत नाही. त्याजबरोबर आई, भाऊ, कधी सारे कुटुंब येते. बाहेर तीन दगडांची चूल मांडून भाकरी भाजली जाते व रात्री ओसरीवर पथारी पसरली जाते. ज्यास खरा समाचार घ्यावयाचा आहे, त्याने खाटेवरील माणसाप्रमाणेच या ओसरीवरील माणसांचीही विचारपूस केली पाहिजे. पाथर्डी किंवा जामखेडकडील एखादी माउली मुलास घेऊन नगरास येते, तेव्हा औषध कोठे मिळेल, चिठ्ठीवर काय लिहिले आहे, घरी निरोप कसा धाडावा, अशा शंभर बारीक अडचणी तिच्यापुढे असतात. वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याने चिठ्ठी वाचून दाखविली तरी तिचे अर्धे ओझे हलके होते.

ही सेवा कोणा एका धर्माची मिरास आहे असे मात्र कोणी समजू नये. मिस सिंथिया फॅरार यांच्या नगर येथील संस्थेत ज्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले असे सांगतात, त्या सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच साथीचा स्पर्श होऊन त्यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेविला. पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ रमाबाई रानडे रुग्णालयांत जाऊन रोग्यांस फळे, फुले व पुस्तके देत असत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आजाऱ्याच्या भेटीस जाणे ही प्रत्यक्ष प्रभूची सेवा मानिली आहे. पण भुकेल्यास अन्न व आजाऱ्यास धीर देणे हे पुण्य होय, हे आमच्या गावातील अडाणी म्हातारीसही ठाऊक असते.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो, व तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोगी हा परस्वाधीन असतो. नको असलेल्या माणसास पाठ दाखवून तो उठून जाऊ शकत नाही. अशा वेळी त्याच्यापुढे स्वधर्माचा उपदेश करणे कितपत न्याय्य? मिशनच्या दवाखान्यांतून असा उपदेश होत असे, आणि त्याविषयी आक्षेपही निघाले. शिक्षण व वैद्यकीय साह्य यांचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, असे महात्मा गांधींनी १९३१ साली आपल्या ‘यंग इंडिया’ पत्रातून स्पष्टपणे मांडिले. हा आक्षेप घेणारा पुरुष स्वतः शुश्रूषेत मुरलेला होता. सेवाग्राम येथे कुष्ठरोगाने पीडित झालेल्या परचुरे शास्त्री यांस आश्रय देऊन ते स्वहस्ते त्यांच्या अंगास मालिश करीत. म्हणून त्यांचे बोलणे उडवून लावता येत नाही. आमच्या मते याचे उत्तर असे: रोग्याने आपण होऊन प्रार्थना मागितल्यास ती अवश्य करावी, न मागितल्यास आपली भेट हीच प्रार्थना समजावी. जी दया मोबदला मागते ती दया नव्हे, तो व्यापार होय.

आता भेटीची रीत पाहू. आपल्या भाषेत ‘समाचार घेणे’ याचे दोन अर्थ आहेत. एक विचारपूस करणे, व दुसरा खरडपट्टी काढणे! कित्येक सज्जन पहिल्या अर्थाने घरून निघतात व रोग्यापाशी पोहोचताच दुसरा अर्थ खरा करून दाखवितात. ‘अगोदरच का दाखविले नाही?’ ‘थंड पाणी पिऊ नका म्हणून सांगितले नव्हते का?’ अशा प्रश्नांनी रोग्याचा ताप उतरत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची सेवा केली, व पुढे शुश्रूषेवर जे पुस्तक १८५९ साली लिहिले त्यात भेटीस येणाऱ्यांच्या दोषांस एक स्वतंत्र प्रकरण दिले. खोटी आशा दाखविणे व न मागता सल्ला देणे, हे ते दोन दोष. ‘काही नाही, चार दिवसांत बरे व्हाल’ असे म्हटल्याने रोग्यास धीर येत नाही. आपले दुःख यास कळलेच नाही, एवढेच त्यास कळते. खोलीत कुजबुज करू नये, मान वळवावी लागेल अशा जागी उभे राहू नये, खाटेस टेकून ती हलवू नये, हेही तिने बजाविले आहे. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी या सूचना जशाच्या तशा उपयोगी आहेत. त्यांस आणखी काही जोडून विद्यार्थ्यांनी पुढील नियम ध्यानात ठेवावेत.

पहिला, परवानगीवाचून जाऊ नये. रुग्णालयाची भेटीची वेळ पाळावी, व परिचारिकेस विचारूनच खाटेजवळ जावे. दुसरा, जाताना व येताना हात स्वच्छ धुवावेत. १८४७ साली व्हिएन्ना येथे डॉ. सेमेलवाइस यांनी दाखवून दिले की, वैद्यांनी हात धुतल्याने बाळंतिणींचे मृत्यू पुष्कळ कमी होतात. मग आपण तर रस्त्यावरून येणारे! ज्यास स्वतःस सर्दी अथवा ताप असेल त्याने घरीच राहावे. तिसरा, खाण्याचे पदार्थ विचारल्याशिवाय देऊ नयेत. मधुमेह्यास पेढा देणे ही सेवा नव्हे. चौथा, रोग काय हे खोदून विचारू नये, व जे कळेल ते बाहेर सांगू नये. पाचवा, थोडे बसावे, पण बसावे. दारातून दोन शब्द फेकून निघून जाणाऱ्यापेक्षा पाच मिनिटे स्टुलावर बसून ऐकणारा रोग्यास अधिक प्रिय वाटतो. सहावा, ‘पुन्हा येतो’ असे म्हटल्यास खरोखरच पुन्हा जावे. दाखल्यातील चांगला शोमरोनी जखमी वाटसरूस उतारशाळेत ठेवून निघाला, तेव्हा परतताना राहिलेला खर्च भागविण्याचे वचन देऊन गेला. वर्षातून एकदा फळे वाटून छायाचित्र काढून घेणे सोपे आहे. दुसऱ्या आठवड्यात त्याच खाटेजवळ जाणे कठीण आहे. सेवेची परीक्षा त्या दुसऱ्या भेटीत होते.

या साध्या भेटीचे मोल किती, हे २०२० सालच्या करोनाच्या साथीने सर्व जगास शिकविले. त्या वेळी नगरच्या बूथ हॉस्पिटलने करोनाग्रस्तांसाठी आपली दारे उघडली, व जुनी परंपरा राखिली. परंतु संसर्गाच्या भयाने सर्वत्रच आप्तेष्टांस रोग्याजवळ जाता येईना. औषध होते, प्राणवायू होता. पण उशाशी बसणारे माणूस नव्हते. कित्येकांनी आपल्या मुलाबाळांचे मुख केवळ दूरध्वनीच्या काचेवर पाहिले, आणि कित्येकांस शेवटचा निरोपही घेता आला नाही. जी गोष्ट आपण क्षुल्लक समजत होतो, तिच्यावाचून मनुष्य किती पोरका होतो, हे तेव्हा कळून आले.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत निदान एक दिवस या कामी द्यावा. रुग्णालयात जाणे न साधल्यास आपल्याच गल्लीत अंथरुणास खिळलेले एखादे आजोबा असतील, त्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवावे. पालकांसही विनंती आहे की, ‘अभ्यास सोडून तिकडे काय जातोस?’ असे न म्हणता प्रथम आपण मुलांबरोबर जावे व रीत घालून द्यावी. गणित व व्याकरण शाळा शिकवील. परंतु दुसऱ्याच्या वेदनेपाशी शांतपणे कसे बसावे, हे मूल वडीलधाऱ्यांकडे पाहूनच शिकते. आणि हे शिक्षण ज्यास एकदा लाभले, त्यास ते जन्मभर पुरते.