रक्तातला आकडा काय सांगतो?

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो. पोट फुगणे, भूक मंदावणे ही लक्षणे अपचनाचीच वाटतात. मग रक्त तपासून तो ओळखता येईल का?

१९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रतिपिंडाचे वर्णन केले. ते ज्या प्रथिनाला चिकटते, त्याला सीए-१२५ म्हणतात. दर मिलिलिटरला ३५ एककांपर्यंतचे प्रमाण सामान्य मानतात. पण मासिक पाळी, गर्भारपण, पोटाचा क्षयरोग यांतही ते वाढते. उलट रोगाच्या पहिल्या अवस्थेत सुमारे निम्म्या रुग्णांत ते वाढतच नाही. म्हणून केवळ या आकड्यावरून निदान करीत नाहीत.

त्याचा खरा उपयोग पुढे होतो. केमोथेरपीत आकडा भराभर उतरला, तर रुग्णाची पुढची वाटचाल चांगली होण्याची शक्यता अधिक असते. उपचार संपल्यावर तो पुन्हा चढू लागला, तर रोग परतत असल्याची सूचना लक्षणांच्या काही महिने आधीच मिळते.

मग लगेच औषध द्यावे का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आकडा चढलेल्या ५२९ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला लगेच उपचार दिले, दुसऱ्याला लक्षणे दिसल्यावर. पहिल्या गटाची केमोथेरपी सुमारे पाच महिने आधी सुरू झाली; तरीही त्या औषधांनी आयुष्य वाढले नाही. त्रास मात्र आधी सुरू झाला.

आधी कळले म्हणजे फायदा होतोच असे नाही. तो होतो की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.